मोडेन पण वाकणार नाही

मराठी मुलाला लहानपणी दोन डोस फुकट मिळतात. एक पोलिओचा आणि दुसरा ‘मोडेन पण वाकणार नाही’ या बाण्याचा. पहिला पाचव्या वर्षी थांबतो. दुसरा जन्मभर चालू राहतो. सत्काराच्या भाषणात, लग्नाच्या बैठकीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत, जिथे म्हणून चार मराठी माणसं जमतात तिथे कोणीतरी मोडायला तयार असतं आणि वाकायला कोणीच तयार नसतं. एवढा जुना बाणा, पण तो खरा की खोटा याची प्रात्यक्षिकासह तपासणी कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या घरी ती रिमोटवर पळणाऱ्या एका वीतभर मोटारीने केली.

अशा मोटारी दोन जातींच्या असतात, हे ज्ञान मला चिरंजीवांकडून मिळालं. एक खेळण्यातली आणि दुसरी छंदाची. खेळण्यातली दिसायला राजबिंडी, रंगाने झगझगीत आणि आतून सीलबंद. ती एकदा बंद पडली की तिचा आत्मा कुठे होता हेसुद्धा कळत नाही. छंदाची दिसायला बेताची, पण तिच्या प्रत्येक स्क्रूला नंबर असतो, आणि तो नंबर दुकानात जाऊन मागता येतो. जपानच्या तामिया कंपनीने 1984 साली ‘ग्रासहॉपर’ नावाची अशीच एक साधी, स्वस्त गाडी काढली होती. 2005 साली कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. माणसं तिच्यावर अजून जीव टाकतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या सीलबंद खेळण्यावर कोण जीव टाकणार? आधी ते सापडायला तर हवं!

दहा हजारांच्या आतली छंदाची गाडी घ्यायची असं ठरलं आणि घरातून अपेक्षित प्रश्न आला, ‘‘टिकेल ना?’’ आमच्या घरात हा प्रश्न साडीला, कुकरला आणि होणाऱ्या जावयालाही एकाच सुरात विचारला जातो. शिवाय या वेळी त्याला वजनही होतं. खेळण्यांवरचं आयात शुल्क सरकारने 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 साली 70 वर नेलं. त्यामुळे परदेशी खेळणं मोडलं की नुसतं मन मोडत नाही, महिन्याचं बजेटही मोडतं.

दुकानदार पुण्याचा होता. पुण्याचा दुकानदार खरं बोलतो यात नवल नाही. पण हा आपणहून बोलला. ‘‘काका, मोडणार. शंभर टक्के मोडणार. पण पार्ट मिळतो.’’ वस्तू विकतानाच ती मोडणार असं सांगणारा दुकानदार मी प्रथमच पाहत होतो. एखाद्या वधुपित्याने ‘मुलगी भांडणार, पण समजूत निघते’ असं सांगून स्थळ आणावं, तसं मला वाटलं. मी पाकीट काढलं.

गाडी दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या फाटकाच्या कठड्यावर आदळली आणि पुढच्या चाकाचा दांडा गेला. चाकाला गाडीशी जोडणारा जो हात असतो, त्याला दांडा म्हणायचं. नवी जोडी सिनेमाच्या एका तिकिटाच्या पैशांत आली. ती बसवता बसवता चिरंजीवांनी मला गाडीचं नीतिशास्त्र समजावून सांगितलं. हे दांडे चांगल्या गाडीत नायलॉनचे करतात, कारण नायलॉन वाकतं आणि परत सरळ होतं. फारच जोराचा मार बसला तर मोडतं. पण मोडतं तेही स्वस्तातलं. पुढची चाकं वळवणारी एक छोटी मोटर असते, तिला सर्व्हो म्हणतात. तिच्या आतले दाते नाजूक आणि ती महाग. म्हणून ती आणि चाकं यांच्या मधे एक स्प्रिंग बसवतात. चाकाला दगड लागला की स्प्रिंग माघार घेते, धक्का स्वतः सोसते आणि लगेच जागेवर येते. दात्यांना पत्ताही लागत नाही. आमच्या आईची आठवण झाली. वडिलांचा राग आणि आम्ही भावंडं यांच्या मधे ती हेच काम चाळीस वर्षं करत होती. फक्त तिला कोणी सर्व्हो सेव्हर म्हटलं नाही.

आमचे दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, यांना हे सगळं नामर्दपणाचं वाटलं. त्यांची हयात कारखान्यात गेलेली. ‘‘प्लॅस्टिकचे दांडे? अरे, अॅल्युमिनियमचे बसव. वाकायचा प्रश्नच नाही!’’ असे दांडे मिळतात. त्यांचा झगमगाट मोठा आणि किंमत त्याहून मोठी. दादांनी ते स्वतःच्या खर्चाने आणले. आठवड्याभराने गाडी पुन्हा कठड्यावर गेली. दांड्यावर ओरखडासुद्धा नाही! दादा विजयी मुद्रेने खाली वाकले, आणि गाडी उचलली तर दांडा ज्याला जोडलेला होता तो आतला सांगाडाच तडकलेला. धक्का कुठे ना कुठे जाणारच. बाहेरच्याने तो घ्यायचं नाकारलं की आतल्याला घ्यावा लागतो. हात शाबूत, खांदा निखळला.

त्या तडकलेल्या तुकड्याकडे पाहताना मला आमचे दोन काका आठवले. एका लग्नपत्रिकेत विनीतांच्या यादीत धाकट्या काकांचं नाव थोरल्यांच्या वर छापलं गेलं. थोरले म्हणाले, आधी त्याने खुलासा करावा. धाकटे म्हणाले, ज्याने संशय घेतला त्याने आधी बोलावं. दोघंही अस्सल, कोणी वाकलं नाही. 14 वर्षं सगळं घर त्यांच्या मधे तडकत राहिलं. एका गणपतीचे दोन झाले, चुलतभाऊ एकमेकांना रस्त्यात ओळखेनासे झाले. थोरल्यांच्या तेराव्याला धाकटे काका आले, फोटोसमोर बसले आणि हळूच म्हणाले, ‘‘दादा, छापखान्याची चूक होती हो.’’ खुलासा एका वाक्याचा होता. फक्त तो ऐकणारं माणूस आता मिळत नव्हतं.

मग काय, सदा वाकतच राहायचं? तसंही नाही. ती स्प्रिंग फार ढिली असली तर गाडी सरळ जातच नाही. तुम्ही डावीकडे वळवता, ती वारा येईल तिकडे. अशी माणसंही आपण पाहतो. त्यांचं कधी काही मोडत नाही, कारण मोडण्याजोगं त्यांच्यात काही ताठ नसतंच. आणि सांगाडा तर ताठच हवा. तो लवायला लागला की गाडीची गाडी राहत नाही. तेव्हा वाकावं की मोडावं, हा प्रश्नच अपुरा आहे. आपल्यातला दांडा कोणता आणि सांगाडा कोणता, हे ओळखायचं असतं. पत्रिकेतला नावाचा क्रम हा दांडा. भाऊ हा सांगाडा. काकांनी दांडा अॅल्युमिनियमचा केला आणि सांगाडा मोडू दिला. लाच घ्यायला सांगणाऱ्या साहेबापुढे मात्र जरूर मोडावं. तिथे वाकलं तर सांगाडाच वाकतो.

वर्षभरात आमच्या गाडीचे दांडे, गिअर, टायर, मोटर आणि शेवटी सांगाडाही बदलून झाला. ‘‘मग ही तीच गाडी का?’’ घरातून रास्त शंका आली. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला जवळपास हेच विचारतो. रथातून आलास ना राजा? मग रथ म्हणजे आस का? चाकं का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि रथ काही हाती लागत नाही. हा मिलिंद म्हणजे मिनँडर नावाचा ग्रीक राजा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या त्या ग्रीकाला जे जड गेलं, ते माझ्यासारख्याला काय सुटणार? मी चिरंजीवांकडे पाहिलं.

‘‘तीच आहे,’’ तो मान वर न करता म्हणाला, ‘‘मीच दुरुस्त करतोय ना!’’

त्याच्या शेजारी श्रीखंडाचा रिकामा डबा होता. त्यात नंबर लिहिलेल्या पुड्यांमधे दोन दांडे, एक गिअर आणि मूठभर स्क्रू. पुढच्या कठड्याची आगाऊ तयारी.