उजेडाचे ऋण



चाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. मंडपात दिवे जितके अधिक, तितका सप्ताह थोर, असे मीही मानत आलो. हा उजेड कोणाच्या अंगणातून येतो, हे मात्र कधी विचारले नाही. आज विचारू या.

चंद्रपूरशेजारच्या दुर्गापूरचे वीज केंद्र २९२० मेगावॅटचे. वीज तारांवरून राज्यभर जाते. कोळशाची राख तिथेच उरते. देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली चंद्रपूरचे नाव घातले. कोळशाच्या धुराने साऱ्या पृथ्वीचा ताप वाढतो, तो वेगळाच. ज्याचे सुख आपण भोगतो त्याचे दुःख दुसऱ्याच्या पदरात पडले, तर ते ऋण नव्हे काय?

कोणी म्हणेल, मग खाणी आजच बंद करा. पण ज्याची चूल त्या कोळशावर पेटते, त्या कामगाराच्या पोरांना काय सांगाल? त्याला दुसरे काम दिल्याशिवाय हात झटकणे हाही अधर्मच.

सूर्याला राख नाही, हे खरे. सौर वीज वाढलीच पाहिजे. पण तिलाही जागा लागते. त्यासाठी जंगल तोडले, गावाला न विचारता गायरान घेतले, तर ऋण फिटले नाही, फक्त दुसऱ्याच्या माथी गेले. आधी छपरे वापरावीत, मग पडीक जमीन.

आणि विचारावे कोणाला? धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) पाहा. वनहक्क कायद्याने २००९ साली या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे ग्रामसभा सर्वांच्या संमतीने निर्णय घेते. एकाचे मन वळले नाही, तर पुन्हा बसते. वाळवंटात सर्व जातींना एका पंगतीत बसवणाऱ्या आपल्या संप्रदायाला ही रीत परकी वाटू नये. ज्याच्या दारात खाण किंवा सौर प्रकल्प यायचा, त्याचा शब्द आधी. हे धोरण मला धर्माचे वाटते.

ज्ञानोबारायांनी पसायदान मागितले ते साऱ्या विश्वासाठी. आपण निदान शेजाऱ्याचा विचार करू. पुढच्या सप्ताहात निम्मे दिवे मालवा, मंदिराच्या छपरावर सौर पत्रे बसवा. एवढ्याने पृथ्वी थंड होणार नाही, हे मी जाणतो. पण ऋण आहे असे ज्याला कळले, तोच ते फेडायला निघतो.

रामकृष्ण हरी.