निरोगी दिसणे आणि निरोगी असणे

खोटे न बोलताही असत्य आचरता येते का? सत्याचा विचार आपण बहुधा वाणीपुरताच करतो. शोभेच्या रोपांच्या व्यापारात मात्र हा प्रश्न शब्दांवाचून उभा राहतो. गाडीत चढवलेले टवटवीत रोप म्हणजेच ते निरोगी असल्याची विक्रेत्याने दिलेली ग्वाही. त्यामुळे पाठवणीपूर्वीच्या फवारणीने रोग हटतो की नुसता झाकला जातो, हा प्रश्न बागायतीचा तसाच धर्माचाही आहे.

'फायटोफ्थोरा रॅमोरम' या रोगकारकाचे उदाहरण घ्या. ऱ्होडोडेंड्रॉन आणि कॅमेलियावर तो मुख्यतः डाग पाडतो, फार तर काही डहाळ्या वाळवतो. पण कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या किनारी जंगलांत त्यानेच ओक आणि टॅनओकची लाखो झाडे मारली, आणि 2009 पासून ब्रिटनमधले लार्च वृक्षही त्याला बळी पडू लागले. तो खरी बुरशी नाही. त्याच्यावर वापरली जाणारी अनेक बुरशीनाशके त्याची वाढ रोखतात, त्याला मारत नाहीत. डाग दिसेनासे होतात, रोप तपासणीतून सुटते आणि औषधाचा अंमल ओसरला की रोग दुसऱ्याच्या बागेत डोके वर काढतो. 2004 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका रोपवाटिकेतील कॅमेलियांबरोबर तो इतर राज्यांत गेल्याचे उघडकीस आले. या व्यवहारात लाभ विक्रेत्याला होतो आणि मरण ज्याचा सौद्याशी संबंधच नाही अशा वृक्षाला येते.

विक्रेत्याला रोग ठाऊकच नसेल तर त्याला दोष कसा द्यायचा, असा आक्षेप येईल. हेतूशिवाय पाप नाही, हा विचार आपल्याकडे जुना आहे आणि तो आदराने ऐकायला हवा. पण जाणून घेण्याचे साधन हाताशी असताना टिकवलेले अज्ञान निर्दोष नसते. तपासणीआधी रोग दाबणारी फवारणी काही काळ थांबवता येते, पानांची प्रयोगशाळेत चाचणी करता येते, निचऱ्याचे पाणी तपासता येते. जे दुःख अजून आलेले नाही ते टाळावे, असे पतंजलींनी योगसूत्रांत सांगितले. टाळणे शक्य झाले की ते कर्तव्य होते, मग ते दुःख भोगणारा अनोळखी का असेना.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 2020 मध्ये अमेरिकेत, मिशिगनमधल्या एका हरितगृहात, ग्वाटेमालाहून आलेल्या जिरेनियमवर राल्स्टोनिया जिवाणूचा असा प्रकार आढळला, जो बटाट्यालाही ग्रासतो. थंड हवेत तो लक्षणांवाचून दडून राहतो आणि त्याला औषध नाही. त्यामुळे बाधित रोपांबरोबर नुसत्या संशयितांचाही नाश करावा लागला. ही हिंसा नव्हे काय? हिंसाच आहे, आणि तिला दुसरे गोंडस नाव देऊ नये. जैन आचार्यांनी गृहस्थाची उद्योगी हिंसा संकल्पी हिंसेहून वेगळी मानली, पण उपजीविकेसाठी घडणाऱ्या त्या हिंसेतही सावधपणाची अट सोडली नाही. स्वच्छ मातृरोपे, निर्जंतुक कात्र्या, शुद्ध पाणी आणि नव्या रोपांचे विलगीकरण हाच तो सावधपणा. तो आधी पाळला तर नंतरचा संहार बहुतांशी टळतो.

यात खर्च आहे, वेळ जातो, एखादी मागणीही हातची जाते. तरीही हा भार विक्रेत्यानेच उचलला पाहिजे. कारण रोप दारातून निघेपर्यंतच रोगाला अडवण्याची सत्ता त्याच्याकडे असते, आणि जिथे सत्ता तिथेच उत्तरदायित्व.