न गायलेला राग

मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती 1888 साली जमिनीतून वर आली. त्याआधी ती पूजेविना होती म्हणून तिचे देवपण उणे होते, असे कोणी भाविक मानत नाही. मग मैफलीत न येणारा अनवट रागही पोथीत असला की जिवंतच, असे म्हणावे का? मला ते पटत नाही. मूर्ती मातीखालीही घडलेलीच असते. राग दरवेळी नव्याने घडवावा लागतो. भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत शेकडो बंदिशी उतरवल्या, हे थोर ऋण आहे. पण भर दुपारचा लंकादहन सारंग घ्या. त्यातला कोमल गंधार कागदावर दिसतो. त्यावर किती थांबायचे, कुठल्या वळणाने खाली यायचे, हे गुरूच्या गळ्यातूनच कळते.

ध्वनिमुद्रण आहे की, असे कोणी म्हणेल. आहे, पण ते एका दिवसाचे गाणे. राग त्याहून मोठा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जे मागे पडले, त्यात दमच नसेल. परंतु अल्लादियाखाँ आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांनी अनवट रागांनीच श्रोते जिंकले. उणीव रागात नव्हती, सरावात होती. म्हणून वैशाखातल्या दुपारी, ध्वनिक्षेपकाविना, मोजक्या जाणत्यांपुढे असे सारंग मांडणाऱ्या बैठका मेहकरसारख्या गावांतही व्हायला हव्यात, आणि गर्दी जमवण्याचा भार गवयावर नसावा.