दुःखाचे मूळ कोठे?

बोरिवलीहून चर्चगेटकडे जाणारी लोकल पंधरा मिनिटे उशिरा आली, तर फलाटावरील सर्व प्रवासी एकाच घटनेस सामोरे जातात. परंतु त्या सर्वांच्या ठायी उपजणारा विकार एक नसतो. कोणी घड्याळाकडे पाहून कासावीस होतो, कोणी रेल्वेस शिव्याशाप देतो, तर कोणी स्वस्थपणे वर्तमानपत्राची घडी उलगडतो. लोकल हेच दुःखाचे मूळ असते, तर तिने सर्वांस सारखेच दुःख दिले असते. तसे घडत नाही. त्या अर्थी घटना आणि दुःख यांच्या मध्ये आणखी काही तरी आहे, असे मानणे भाग पडते.

ते म्हणजे घटनेविषयी जीवाने करून घेतलेला समज. हा विचार पुरातन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात दास्यात वाढलेल्या एपिक्टेटसने तो शिकविला. त्याने स्वतः ग्रंथ लिहिला नाही. एरियन नामक शिष्याने त्याची वचने टिपून घेतली, म्हणून ती टिकली. (येथे पंडित म्हाइंभटांचे स्मरण कोणास होणार नाही?) याच विचाराच्या आधारे अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धती मांडली आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजविली. एलिस यांचे म्हणणे असे की, ‘गाडी वेळेवर यावी’ ही इच्छा होय. ‘ती आलीच पाहिजे’ हा हट्ट होय. इच्छा विफल झाली तर मनुष्य खिन्न होतो. हट्ट विफल झाला तर तो जळू लागतो. त्या एका ‘च’काराने किती घरांतील सायंकाळ नासली असेल!

येथवर शंका नाही. परंतु २६ जुलै २००५ या दिवसाचे काय? त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि साकीनाक्यास दरड कोसळून अनेक कुटुंबे घरांसह गाडली गेली. ज्या मातेचे लेकरू त्या मातीखाली गेले, तिला ‘बाई, दुःख घटनेत नाही, तुझ्या समजुतीत आहे’ असे सांगणे हा विवेक होय काय? ते वाक्य तर तेच; मग ते येथे इतके निष्ठुर का वाटावे?

कारण विवेक हे आपल्याच मनावर चालवावयाचे शस्त्र आहे. दुसऱ्यावर चालविले असता तेच हिंसा होते; आणि ही हिंसा अधिक घातक, कारण ती उपदेशाचा वेष घेऊन येते. एलिस यांनीही शोकास रोग म्हटलेले नाही. हानी झाली असता दुःख होणे त्यांनी योग्यच मानले आहे. शिवाय, मिठी नदीचे पात्र भरावाने व बांधकामांनी आवळले गेले होते, हा काही कोणाचा समज नव्हता. ज्याचे घर बुडाले त्याने तेवढे मन शांत करून घ्यावे आणि नदीविषयी कोणास काही विचारू नये, असा या विचाराचा अर्थ करणे हे अनेकांच्या सोयीचे असते, एवढेच.

सर्वज्ञांच्या उत्तरापंथगमनानंतर श्रीनागदेवाचार्य विरहाने व्याकुळ झाले. सन्निधान गेले, ही हानी खरीच होती. तिला भ्रम म्हणण्याचे धाष्टर्य कोण करील? ऋद्धिपुरास आचार्य सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत असत. म्हाइंभटांनी त्यांस ‘शोक सोडा’ असा उपदेश केला नाही. आपण कशाचे मनन करीत आहात, एवढेच विचारले; आणि आचार्य सांगू लागले, तेव्हा ते लिहून घेऊ लागले.