स्टेपनी

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं आणि बहीण-मेहुणे असे चौघे नामिबियात गाडी चालवायला जाणार आहोत. बारा दिवस, आणि त्यातला बराचसा रस्ता खडीचा. तिथेही गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात; इथला परवाना आणि आरटीओतून मिळणारा वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना पुरतो. काळजी आहे ती पंक्चरची. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश, आणि माणसं जेमतेम तीस लाख. खडीच्या रस्त्यांवर जाणाऱ्यांना गाडी भाड्याने देणारे म्हणूनच पुष्कळदा दोन-दोन स्टेपन्या देतात.

गेले दोन महिने मी तयारीची यादी वाढवते आहे. बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर, हवा मोजायचं मीटर, ट्यूबलेस टायरच्या भोकात कोंबायच्या रबरी पट्ट्या, त्या कोंबायची जाड सुई, जॅकखाली ठेवायला लाकडी फळी. नवरा म्हणाला, "आपण सुट्टीला जातोय की मोहिमेवर?" मी उत्तर दिलं नाही. माझ्या यादीला तीन वर्षांपूर्वीच्या एका रात्रीचा वास आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

स्टेपनी हा शब्द मूळचा एका रस्त्याचा. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक तयार झालं आणि रस्त्याचं नाव घेऊन जगभर गेलं. इंग्रजी तो शब्द विसरली, आपण मात्र धरून ठेवला. त्याला आपल्याकडे एक ओंगळ अर्थही चिकटला आहे, बाईबद्दल वापरायचा. अनुवादक म्हणून मला तो अर्थ टाळता येतो, पण त्यामागची वृत्ती ओळखीची वाटते: गरजेपुरतं लागणारं, एरवी डिकीत झाकून ठेवायचं. २०२० पासून आपल्याकडे दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर छोट्या गाड्यांना स्टेपनी नसली तरी चालते. आमची गाडी जुनी, तिच्यात आहे.

ती रात्र अशी. दिवाळीसाठी बंगळुरूहून कोल्हापूरला निघालो होतो. निघायलाच उशीर झाला, हिरियूर सोडलं तेव्हा अंधार पडला होता. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली. पुढे कडेला एक गाडी तिरकी उभी, आणि एक माणूस हात वर करून थांबायची खूण करत होता. हातात काहीतरी लोखंडी होतं. नवऱ्याने वेग कमी केला. मी म्हटलं, "थांबू नकोस." तो थांबला नाही.

बंगळुरूत राहून आमचा संशय चांगला तयार झालेला आहे. आउटर रिंग रोडवर खिळे सापडतात, आणि ते पंक्चरवालेच पेरतात असं सगळे म्हणतात. एक संगणक अभियंता कचेरीला जाता-येता लोहचुंबकाने ते गोळा करायचा, किलोकिलोंनी निघाले. आमच्या कोपऱ्यावरच्या चेट्टाबद्दलही माझ्या मनात एकदा तेच आलं होतं, कारण खिळा त्याच्या दुकानापासून पन्नास पावलांवर टोचला होता. बोलले नाही. पैसे देताना मात्र त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

कांटने १७८५ सालच्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या पुस्तकात एक माणूस उभा केला आहे. एम.ए.ला असताना मी त्याच्यावरून घाईने पुढे गेले होते. हा माणूस सुखात आहे. कोणाचं हिरावत नाही, हेवा करत नाही. फक्त कोणाच्या अडचणीत पडत नाही. कांट म्हणतो, सगळे असे वागले तरी जग चालेल, पण असं जग असावं अशी इच्छा त्याला करता येणार नाही, कारण कधी ना कधी त्यालाही दुसऱ्याचा हात लागेल.

माझी यादी म्हणजे या युक्तिवादातून काढलेली पळवाट होती, हे मला फार उशिरा कळलं. कॉम्प्रेसर, सुई, दोन स्टेपन्या एवढं जवळ असलं, की ते 'कधी ना कधी' येणारच नाही. मी कोणाला हात करणार नाही, म्हणजे मी थांबले नाही यातही विसंगती नाही. हिशेब चुकता. नवऱ्याचं म्हणणं वेगळं: सामान असलेलाच माणूस दुसऱ्याला उपयोगी पडतो, रिकाम्या हाताने थांबून काय करणार? हे खरं आहे. पण त्या रात्री आमचे हात रिकामे नव्हते. डिकीत जॅक होता. आणि झोपलेली मुलगी मागे असताना थांबायलाच हवं होतं, असंही मी म्हणत नाही. आजही थांबेन याची खात्री नाही. पण पुढच्या टोलनाक्यावर कोणाला सांगता आलं असतं. तेही सुचलं नाही. आम्ही चहा प्यायलो.

गेल्या रविवारी चेट्टाकडे शिकायला गेले. त्याला माझी यादी दाखवली. तो हसला आणि टायरची कड अंगठ्याने दाबून म्हणाला, "मॅडम, इथे कापलं तर यातलं काही चालणार नाही." खडीच्या रस्त्यावर धारदार दगड बहुधा तिथेच कापतो. मग चाकच बदलायचं. नट आधी सैल करायचे, जॅक नंतर. घट्ट करताना समोरासमोरचे. त्याने लांब पाना माझ्या हातात दिला. नट हलेना, म्हणून मी श्वास घ्यायला उभी राहिले, पाना हातात तसाच, आणि रस्त्यावरून येणाऱ्या दिव्यांकडे तोंड करून.

"तिथे वाटेत कोणी नसतं का?" त्याने विचारलं.

"असतात," मी म्हटलं. "कमी."

"मग थांबतील," तो म्हणाला, आणि आमच्या गाडीची स्टेपनी बाहेर काढून तिला मीटर लावलं. तीन वर्षांत तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. हवा निम्मीही नव्हती.