हिऱ्यातला दोष

"डॉक्टर, स्मरणिकेसाठी आरोग्यावर काहीतरी लिहा," असा संपादक मंडळाचा नेहमीप्रमाणे आग्रह झाला. मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवर माझे पुष्कळ लिहून झाले आहे. या वेळी थोडी सवलत घेऊन हिऱ्याबद्दल लिहितो.

आमची मुलगी पीएच.डी.साठी हिऱ्यातल्या दोषांचा अभ्यास करते. हे ऐकल्यावर सौ. म्हणाली, "आमच्या वेळी सासरची माणसं फुकट दोष काढायची, आता विद्यापीठ त्याचे पैसे देतं!"

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची घट्ट जाळी. तिच्यात कधी एका कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू येतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. ही जोडी म्हणजे तो दोष. तिथल्या इलेक्ट्रॉनांना स्पिन असतो. इवलेसे चुंबकच समजा. हिरवा लेझर टाकला की हा दोष तांबडा चमकतो. त्याच वेळी २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या मायक्रोवेव्ह लहरी दिल्या की चमक किंचित मंदावते. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल तर मंदावण्याचा हा आकडा सरकतो, आणि किती सरकला यावरून ते क्षेत्र मोजता येते. तेही साध्या खोलीच्या तापमानाला! २०१३ साली अशा हिऱ्याच्या कणांनी जिवंत मानवी पेशीच्या आतले तापमान मोजले गेले. २०१६ साली एका समुद्री कृमीच्या एकाच चेतापेशीतून जाणाऱ्या संदेशाचे चुंबकीय क्षेत्र टिपले गेले. डॉक्टर म्हणून मी थक्क झालो.

वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्याचे दोष सांगितले आहेत. कावळ्याच्या पायासारखी खूण, माशी, केस असे काही आत दिसले की तो हिरा वाईट. आज तोच 'वाईटपणा' मुद्दाम घडवतात.

मी मुलीला म्हटले, "म्हणजे दोष चांगलाच की!"

"तसं नाही, बाबा," ती म्हणाली. "आजूबाजूला शांतता लागते." निसर्गातल्या कार्बनमध्ये साधारण १.१ टक्के अणू कार्बन-१३चे असतात. त्यांची केंद्रकेही छोटी चुंबके, आणि त्यांच्या गलबल्यात दोषाचा स्पिन भरकटतो. २००९ साली कार्बन-१३चे प्रमाण बरेच कमी केलेल्या हिऱ्यात तो १.८ मिलिसेकंद टिकला. त्या जगात हा मोठा काळ. दोष तोच होता, शेजार बदलला होता.

यावरून 'दोष हीच देणगी' असे छान वाक्य लिहिता येईल, पण माझ्या पेशाला ते शोभणार नाही. बाळाच्या हृदयाला मोठे भोक असेल तर ते बुजवायलाच हवे. शिवाय हिऱ्यातल्या दोषाला मान मिळाला तो उपयोगी पडला म्हणून. हीच अट माणसांना लावायची का?

मी भारतात इंटर्न होतो तेव्हाची गोष्ट. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळाच्या आईला मी ऐटीत सांगितले, "बाळात दोष आहे." उन्हाळ्याचे दिवस, पंखा बंद. तरी तिने त्याच्या तोंडावर पदर ओढला, माझ्यापासून लपवावे तसा. निदान बरोबर होते, आणि तो पदर मला तीस वर्षे दिसतो आहे.

आपल्याकडेही एक कुटुंब आहे. मुलगा मोठा झाला आहे, आरती सुरू झाली की ओरडतो. आपण काही वाईट बोलत नाही, फक्त मान वळवून बघतो. मीही बघितले आहे. मग कुणाचा मुलगा कुठल्या कॉलेजात लागला या गप्पा सुरू होतात आणि ते तिघे दाराजवळच्या खुर्च्यांवरून लवकर उठतात. गेल्या वर्षी सौ. प्रसाद घेऊन त्यांच्या गाडीपर्यंत गेली. मी गेलो नाही.

यंदा त्यांना पुढे येऊन बसा म्हणावे, की आपणच दाराजवळ जाऊन बसावे, हे माझे अजून ठरलेले नाही.