बाग तीच का?

चीनमधल्या सूझौ शहरातली लिऊ युआन ही बाग मिंग काळात, 1593 साली उभी राहिली. विसाव्या शतकातल्या युद्धकाळात तिथे सैन्याचे घोडे बांधले गेले आणि बाग उजाड झाली. 1953 मध्ये दुरुस्ती सुरू झाली. पडक्या वाड्यांचं जुनं लाकूड जमवून दालनं उभारली गेली आणि 1954 मध्ये दारं लोकांसाठी उघडली. 1997 साली ती जागतिक वारसा यादीत आली.

पण ही बाग तीच का?

राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना माणसाबद्दल असाच प्रश्न केला होता. नागसेनांनी रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला: पहाटेची ज्योत संध्याकाळची नसते, वेगळीही नसते. हे उत्तर बागेला माणसापेक्षाही नेमकं लागू पडतं, कारण बाग तर ऋतूगणिक बदलते.

आपल्याकडच्या लोणखेडा गावातल्या माणसाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. जवळच, तापी-गोमाईच्या संगमावर, प्रकाशा हे गाव आहे. तिथे 1955 मध्ये झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्यांचे थर एकावर एक सापडले. घरं बदलली, माणसं बदलली, तरी यात्रेकरू आजही तिथेच स्नानाला येतात.

लिऊ युआनमध्येही साडेसहा मीटर उंचीचा ग्वानयुन नावाचा शिळाखंड अजून उभा आहे.